कमरेएवढी शेवंती

सुप्याच्या अलीकडे पुणे-नगर रस्ता सोडून आत वळलं की पठारेमळा लागतो. तिथं पुंजाराम पठारे नावाचे गृहस्थ राहतात. गाव त्यांना पुंजातात्या म्हणतं. वय सत्तरीला टेकलेलं, अंग काटक, जीभ तिखट आणि बसायची तऱ्हा एकच, उकिडवं. निंदायला आणि फुलं तोडायला उकिडवं बसणं समजण्यासारखं आहे, शेवंतीचं सगळं काम जमिनीलगतच चालतं. पण तात्या चहासुद्धा उकिडवे बसून प्यायचे. सोयरिकीच्या बैठकीत कुणी आग्रहानं खुर्ची दिली, तर खुर्चीवर पाय घेऊन उकिडवे बसायचे. समोरच्या मंडळींना वाटायचं, पाहुणे आता उडी मारतात की काय.

शेवंती त्यांच्या घरात नुसतं पीक नव्हती. विहिरीच्या वरच्या अंगाला काळ्या जमिनीचा एक लहान तुकडा आहे, त्याला घरात 'फुलाचं वावर' म्हणतात. ज्वारी पिको न पिको, कांद्याला भाव मिळो न मिळो, त्या तुकड्यात शेवंतीच लागायची. आणि त्या शेवंतीला मान होता. नवरात्रात गावच्या अंबाबाईपुढं घट बसतो आणि घटावर रोज एक माळ चढते. पहिल्या दिवशीची माळ पिवळ्या शेवंतीची, आणि ती पठाऱ्यांची. आजोबांपासून चालत आलेलं. फुलं पठाऱ्यानं लावायची, पठाऱ्यानं तोडायची आणि देवीपुढं पठाऱ्यानंच ओवायची. बाजारातून आणलेली चालत नाहीत. ज्याच्याकडं फुलं नसतील त्यानं मान दुसऱ्याला द्यावा, असा साधा सरळ रिवाज. एका दुष्काळात तात्यांच्या वडिलांनी घरच्यांच्या आंघोळी बंद ठेवून रोपं जगवली होती. घराला वास आला म्हणतात, पण माळ देवीला गेली.

मग तात्यांचे गुडघे गेले. आधी कुरकुरले, मग अडले, शेवटी तर वावरात बसलेल्या तात्यांना उठवायला दोन माणसं लागायला लागली. चैत्रात नगरच्या दवाखान्यात दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, जिने चढा, काही हरकत नाही. फक्त खाली मांडी घालून बसायचं नाही आणि उकिडवं तर अजिबात नाही. कायमचं."

"कायमचं म्हंजी किती दिस?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. तात्यांनी विनोद केला नव्हता.

घरी आल्यावर तात्यांना ओसरीत एक खुर्ची मिळाली. अंगणात फेऱ्या मारायला सांगितलं होतं, पण बिनकामाचं चालायला मी काय घाण्याचा बैल हाय का, असं म्हणून ते खुर्चीतून हलत नसत. त्यांचा मुलगा अमृत सुप्याच्या एमआयडीसीत पाळ्या करून उरलेल्या वेळात शेती बघणारा, पोटभर झोप मिळाली तरी दसरा मानणारा माणूस. एक दिवस तो अंग चोरत म्हणाला, "तात्या, फुलाच्या वावरात औंदा कांद्याचं रोप टाकतो. शेवंतीची निगा माझ्यानं व्हायची न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. तान्ह्या पोराला जेवढं जपावं लागतं तेवढं शेवंतीला जपावं लागतं. तात्यांनी नुसती मान डोलावली, आणि तात्या न भांडता मान डोलावतात म्हणजे काय हे रतनबाईंना, म्हणजे त्यांच्या कारभारणीला, बरोबर ठाऊक होतं.

त्यात भिमाजी शेळके बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला आले. ओढ्यापलीकडं तांबड्या माळावर त्यांचीही शेवंती. दोघे एका वर्गात शिकले, एकाच वर्गात नापास झाले, आणि तेव्हापासून कुणाचं फूल मोठं यावर त्यांचं जे जुंपलं ते आजतागायत. भिमाजींनी गुडघ्यांची चौकशी केली, टाके बघितले, आणि उठता उठता म्हणाले, "पुंजा, पयल्या माळंची काळजी करू नको. औंदा मी बघतो. माझी शेवंती हाय की."

ते गेल्यावर तात्यांनी चहाला हात लावला नाही.

"अवं, चांगल्या मनानं बोलला तो," रतनबाई म्हणाल्या.

"व्हय. चांगल्या मनानंच मान न्यायला आल्ता."

पुढचे कितीतरी दिवस ते त्या खुर्चीत बसून विहिरीकडं बघत राहिले. गुडघ्यांचं दुखणं कमी होत होतं, पण आपण आता काही लावू शकत नाही, नुसतं बघू शकतो, ही गोष्ट त्यांना गिळत होती. घरात कुणी विचारलं तर मात्र सांगायचे, डास चावत्यात.

यातून वाट काढली अमृतच्या मुलीनं, सृष्टीनं. सृष्टी सुप्याजवळच्या एका फुलांच्या कंपनीत नोकरीला आहे. तिथं मोठाल्या शेडमध्ये झाडं मातीवाचून वाढवतात. एका सुट्टीच्या दिवशी ती खुर्चीशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तात्या, तुम्हाला खाली बसता येत नाही ना? मग वावरच कमरेएवढं वर आणू."

"म्हंजी?"

"पाइप लावायचे. लोखंडी घोडीवर, आडवे. पाइपला भोकं, भोकात झाड, आणि आतून पाणी वाहतं ठेवायचं. तुम्ही उभ्यानं सगळं करायचं."

"आन माती?"

"माती नाही."

तात्या हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. "आगं पोरी, निचरा निचरा करत मी म्हातारा झालो. शेवंतीच्या बुडात पानी साचलं की ती कुजती, आन तू म्हनती पान्यातच लावा?"

"साचलेल्या पाण्यात कुजते. वाहत्या पाण्यात मुळांना हवा मिळते. मातीत झाड जे शोधत फिरतं ना, ते आपण पाण्यात विरघळवायचं आणि त्याच्या तोंडाशी नेऊन द्यायचं."

"म्हंजी सलाईन."

"तसं समजा."

"सलाईन आजारी मानसाला लावत्यात. मी लावून आलोय."

पण नाही म्हणाले नाहीत. सृष्टीनं तेवढ्यात काय ते ओळखलं. आषाढात तिनं आणि अमृतनं गोठ्यामागं घोड्या उभ्या केल्या, त्यावर पांढरे पाइप चढवले, खाली एक निळा ड्रम ठेवला आणि त्यात कूलरला असते तसली छोटी मोटार सोडली. मोटार ड्रममधलं खताचं पाणी वर चढवायची, ते पाइपांतून फिरून परत ड्रममध्ये पडायचं. घोड्यांची उंची तात्यांना शेजारी उभं करून ठरवली.

झाडं मात्र बाहेरून आणायची नाहीत, फुलाच्या वावरातल्याच शेवंतीच्या काश्या, म्हणजे बुडातून फुटलेली मुळांसकटची रोपं, लावायच्या, ही तात्यांची अट. सृष्टीनं त्या उपटून आणल्या आणि नळाखाली धरून त्यांची मुळं धुवायला लागली. काळं पाणी मोरीकडं वाहायला लागलं तसे तात्या कळवळले. "आगं, समदी माती काढती व्हय?"

"समदी. एक कण राहिला तरी मोटारीत अडकेल."

तात्यांनी रतनबाईंना बादली आणायला लावली. ते धुवण तिच्यात धरलं आणि सगळं तुळशीला घातलं. सृष्टीनं ते बघून ठेवलं, आणि ड्रमचं झाकण लावताना तिनं घरातल्या सगळ्यांना उभं करून ताकीद दिली. "एक ध्यानात ठेवा. मातीत दोन दिवस विसरलात तरी झाड सांभाळून घेतं. इथं दोन तास पाणी बंद पडलं तरी संपलं. ड्रममध्ये माती, पान, काडी, काही म्हणजे काही जाऊ द्यायचं नाही."

सगळ्यांनी मान डोलावली. माना डोलावण्यात पठाऱ्यांचं घर पहिल्यापासून पुढं आहे.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. या भागातल्या फूलवाल्यांची एक रीत आहे. शेवंतीच्या काश्या एका वावरातून दुसऱ्या वावरात नेल्या, की सोबत जुन्या जागेतली मूठभर माती न्यायची आणि नव्या जागी टाकायची. झाडाला परकं वाटू नये म्हणून. ही मूठ टाकल्याशिवाय तात्यांनी जन्मात कधी शेवंती लावली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे राहिले, आणि रात्री जेवताना त्यांना काहीतरी विसरल्यासारखं होत राहिलं.

पहिले काही दिवस झाडांनी माना टाकल्या. तात्यांनी सृष्टीकडं अशा नजरेनं बघायला सुरुवात केली, की ती सकाळी मागच्या दारानं कामावर जायला लागली. मग एकदा पाइपवरचं झाकण उचलून बघतात तर आत दुधासारखी पांढरी, बारीक, नवी मुळं! तात्या बघतच राहिले. जन्मभर शेवंती वाढवली, पण तिची मुळं वाढताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. मातीच्या आत काय चाललंय ते अंदाजानंच कळायचं. त्या दिवसापासून दारात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो लाइटबिलवाला का असेना, तात्या गोठ्यामागं नेऊन मुळं दाखवायला लागले.

"त्या झाडाला लाज वाटत आसंल," रतनबाई म्हणायच्या. "किती वेळा झाकन उघडता?"

खुर्ची ओसरीतच राहिली आणि तात्या दिवसभर गोठ्यामागं. उभ्यानं शेंडे खुडायचे, उभ्यानं पानांखाली मावाकीड आहे का बघायचं, सुतळीनं झाडं बांधायची. बांधावी लागायचीच, कारण पाण्यातलं झाड सरासरा वाढतं पण बुडाला धरायला काही नसतं, वारा आला की झिंगल्यासारखं डुलतं. तण नाही, निंदणी नाही, आणि पाणी वावराच्या मानानं काहीच लागत नाही, हे त्यांनी कबूल केलं. एक मात्र त्यांना खटकायचं. संध्याकाळी हात नाकाशी नेले तर हातांना मातीचा वास यायचा नाही.

गावात बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. गणपती उठले तशी चहाच्या टपरीवर चर्चा रंगली, की बिनमातीचं फूल देवीला चालतं का. भिमाजी म्हणाले, "फुलाला माती न्हाई, मानसाला गुडघं न्हाईत. जोडी झ्याक जमली." टपरी हसली. कुणीतरी तात्यांची बाजू घेत म्हणालं, "कमळ न्हाई का पान्यात येत?" त्यावर दुसरा म्हणाला, "कमळ चिखलात येतं, आन चिखल म्हंजी मातीच की." देवळाची पूजा करणारा राम गुरव पेचात पडला. त्याला कुणालाच दुखवायचं नव्हतं. तो म्हणाला, "बघू, दगडाबाईला विचारू." दगडाबाई म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. तिच्या शब्दापुढं ग्रामसभाही जात नाही.

हे सगळं संध्याकाळपर्यंत पठारेमळ्यात पोचलं. तात्या वरवर म्हणाले, "बोलू द्या बोलनाऱ्यांला." पण आतून ते चरकले होते. फूल येईल, पण गावच ते नको म्हणालं तर? मग सगळी खटपट करूनही मान भिमाजीच्याच दारात जाणार. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ते काठी घेऊन हळूच फुलाच्या वावरापर्यंत गेले. वाकता येत नव्हतं म्हणून काठीनं ढेकूळ उकरून बांधावर चढवलं, तिथून मूठभर उचललं, खिशात घातलं आणि येऊन ड्रममध्ये सोडलं. पाणी जरा गढूळ झालं, मग निवळलं. तात्यांना फार बरं वाटलं. आता झाडांचा मातीशी संबंध नाही असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नव्हतं. आणि मूठभर मातीनं काय होतंय!

पितृपंधरवडा लागला. कळ्या धरल्या होत्या, काहींनी पिवळा रंगही दाखवला होता. एक दिवस रतनबाईंच्या माहेरी, मिरजगावला, त्यांच्या वडिलांचं पित्तर होतं. अमृत, सूनबाई, रतनबाई सगळे गेले. गाडीत पाय दुमडून बसवत नाही म्हणून तात्या राहिले. सृष्टी कामावर. दुपारी भाकरी खाऊन तात्या गोठ्यामागं आले, तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. क्षणभर कळेना काय ते. मग कळलं, की पाण्याचा आवाज येत नाही.

मोटार घुरघुरत होती, पण पाणी चढत नव्हतं. भादव्याचं ऊन कवटी फोडत होतं. तात्यांनी पाइपवरचं झाकण उचललं. मुळं ओली होती, पण खालचं पाणी निघून गेलं होतं आणि वरची पानं मलूल व्हायला लागली होती. त्यांनी सृष्टीला फोन लावला.

"मोटार बंद करा आधी," ती म्हणाली. "तात्या, घाबरू नका. ड्रममधलं पाणी तांब्यानं काढून प्रत्येक पाइपच्या तोंडात घाला. मुळं सुकू द्यायची नाहीत. मला पाळी सोडता येत नाही लगेच, पण सुटले की येते."

तात्यांनी तांब्या घेतला. पाइपच्या या तोंडात घालायचं, पुढच्या पाइपला जायचं, शेवटापर्यंत पोचायचं, तोवर पहिला कोरडा पडलेला. परत यायचं. किती येरझाऱ्या झाल्या त्यांना कळलं नाही. घाम डोळ्यांत जात होता. आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि ते सांगायला घरात कुत्रंसुद्धा नव्हतं.

रस्त्यानं भिमाजी मोटारसायकलवर चालले होते. तात्यांना उन्हात तांब्या घेऊन इकडून तिकडं जाताना बघून ते थांबले.

"काय रं पुंजा, पित्रांला पानी देतो का?"

"मोटार बंद पडली," तात्या एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून भिमाजींनी गाडी उभी केली, धोतराचा सोगा खोचला आणि विहिरीवरची बादली उचलून आणली. मग एका टोकाला तात्या आणि दुसऱ्या टोकाला भिमाजी, दोघंही पाणी घालत राहिले. भिमाजी अधूनमधून शिव्या देत होते. मोटारीला, सुप्याच्या कंपनीला आणि तात्यांच्या घराण्याला. पण हात थांबला नाही. शेवटच्या पाइपातली झाडं हातची गेली. बाकीची ऊन कललं तशी पानं उचलून उभी राहिली.

सृष्टी आली ती स्कूटर धड न लावताच गोठ्यामागं धावली. पाठोपाठ मिरजगावचीही मंडळी परतली. सगळ्यांच्या देखत तिनं मोटार बाहेर काढली, खोलली आणि तिच्या जाळीतून चिखलाचा एक गोळा काढून फरशीवर ठेवला.

"ही माती कुणी टाकली?"

तात्यांनी घसा खाकरला. जन्मात कुणापुढं मान खाली घातली नव्हती, ती नातीपुढं घातली. "मी टाकली. मूठभरच टाकली पन. रीत हाय म्हनून."

"मूठभर?" सृष्टीनं ड्रम आडवा केला. तळातून गाळाचा लोंढा आला. "हे घमेलंभर आहे, तात्या!"

मग रतनबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "एक मूठ माझी आसंल. गाव बोलत हुतं ना, मला न्हाई बघवलं."

अमृत आकाशाकडं बघत होता. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. "पाळीवरून आलो तवा टाकली," तो पुटपुटला. "जराशीच."

सृष्टी डोक्याला हात लावून फरशीवर बसली. मग तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. हसता हसता तिनं तो गोळा बोटांनी फोडला आणि थबकली. काळ्या चिखलात तांबड्या मातीचा जाड पट्टा होता. मुरमाड, खडे असलेली. पठाऱ्यांच्या सगळ्या रानात तसली माती औषधालाही नाही. ती ओढ्यापलीकडं, माळावर आहे.

सगळ्यांनी भिमाजींकडं बघितलं.

भिमाजी आपली मोटारसायकल कुठं लावली हे विसरल्यासारखे इकडंतिकडं शोधायला लागले. "काय बघता?" ते शेवटी ओरडले. "टाकली, व्हय! टपरीवर बोलून गेलो, मग झोप येईना. म्हनलं, त्याच्या झाडाला आपलीबी मूठ लागू दे. मला काय माहीत तुमचं समदं घर येडं हाय!"

तात्या पुढं झाले. त्यांनी भिमाजीची वाट अडवली. मग त्यांनी बायकोला सांगितलं, "च्या ठेव. भिमाच्या च्यात साखर जास्त टाक." त्या चहाला मात्र त्यांनी हात लावला, आणि दोन कप प्यायले.

मोटार धुतली, ड्रम धुतला, नवं पाणी भरलं. सृष्टीनं मोटारीवर फडकं बांधलं आणि ड्रमला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. पंधरवडा सरेपर्यंत राहिलेली झाडं फुलून आली. फुलं वावरातल्यासारखीच पिवळी, पाकळीला पाकळी घट्ट. नाकाशी धरली तर शेवंतीचा तोच कडसर वास.

अमावास्येच्या दिवशी राम गुरव दगडाबाईकडं गेला. ती खाटेवर डोळे मिटून पडली होती. त्यानं सगळा प्रश्न मांडला. पाणी, माती, पाइप, कमळ, चिखल.

"लावली कुनी?" दगडाबाईनं विचारलं.

"पुंजातात्यानं."

"तोडनार कुनी?"

"तात्याच."

"मग मला कशाला उठवलं?" असं म्हणून म्हातारीनं कूस बदलली.

घटस्थापनेला देऊळ भरलं होतं. घटाभोवती काळी माती पसरून धान्य पेरलं होतं, समया लागल्या होत्या. तात्या धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून आले. मागं परडी घेऊन रतनबाई. राम गुरवानं देवीपुढं पाट मांडला, सुई-दोरा पुढं केला आणि म्हणाला, "बसा तात्या."

पाणी, माती, मोटार, लोक काय म्हणतील, सगळ्याचा विचार त्यांनी करून झाला होता. फुलं ओवायला पाटावर खाली बसावं लागतं, ही एवढी गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. बसणं त्यांच्या लेखी कधी काम नव्हतंच. आणि देवीपुढं खुर्ची मांडायची रीत नाही. ते पाटाकडं बघत उभे राहिले. अमृत पुढं येऊन हळू आवाजात म्हणाला, "तात्या, मी बसू का?" तात्यांना नाही म्हणवेना आणि हो तर त्याहून म्हणवेना. फुलं आणली, इथवर आणली, आणि आता नुसतं बघायचं.

तेवढ्यात माणसांतून भिमाजी उठले. खांबाला धरून, कण्हत, दोनदा परत टेकून उठले आणि पुढं येऊन त्यांनी पायानं नव्हे, हातानं, नमस्कार करून पाट बाजूला सारला.

"रामा, उभ्यानं ओवू दे त्याला."

"उभ्यानं?" राम गुरव गोंधळला. "देवीपुढं?"

"मग? देवी काय बसलीया का? तीबी उभीच हाय."

सगळ्या देवळानं गाभाऱ्याकडं बघितलं. अंबाबाई उभी होती. इतकी वर्षं रोज बघूनही कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

भिमाजींनी दोऱ्याचं गाठीचं टोक छातीशी धरलं आणि तात्यांपुढं उभे राहिले. रतनबाईंनी परडी कमरेवर टेकवून पुढं केली. तात्यांनी सुईत पहिलं फूल घेतलं. त्यांना एकदम भरून आलं, सुई दिसेना, तेव्हा दोन फुलं अंदाजानंच ओवली. भिमाजी ओवलेली माळ तळहातांवर तोलून धरत होते. बायकांनी आरती धरली. माळ वाढत गेली तसे भिमाजी पाऊल पाऊल मागं सरकत होते, आणि दर पावलाला त्यांचं तोंड वाकडं होत होतं.

अर्धी माळ झाल्यावर आरतीच्या गोंधळात ते पुढं झुकून तात्यांच्या कानाशी म्हणाले, "पुंजा, माझा डावा गुडघा उन्हाळ्यापासून बोलाया लागलाय. कुनाला सांगू नको. म्या खाली बसाय भितो आता."

तात्यांचा हात थांबला. त्यांनी भिमाजीकडं पहिल्यांदाच नीट बघितलं, कुणाचं फूल मोठं हे न बघता. मग पुढचं फूल उचललं.

"उद्या सकाळी घरी ये," ते म्हणाले. "घोड्या किती उंच करायच्या, त्याला तुझ्या कमरंचं माप लागंल."